अनुभव धागा: कोकणातून टीम फोर्ट्रेस टू हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम खेळलेले सगळे इकडे या

गेल्या आठवड्यात कुडाळ स्टेशनवर बसलो होतो. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या सॅकला लाल बिल्ला, त्यावर बॉम्बचं चिन्ह. मी गेममधल्या बॉम्बवाल्या पात्राचं नाव घेतलं, "डेमोमॅन?" तो चटकन वळला. "आधी होतो. आता सोल्जर." गाडी उशिरा होती, त्यामुळे पाऊण तास आम्ही फक्त 2फोर्ट या मॅपच्या, म्हणजे गेममधल्या मैदानाच्या, पुलाबद्दल बोललो. त्याची गाडी आली आणि नंबर घ्यायचा राहिलाच. आपल्या किनाऱ्यावर असे किती जण असतील, हे तेव्हापासून डोक्यात घोळतंय. म्हणून हा धागा.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. 1996 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या तिघांनी क्वेक या गेमवर टीम फोर्ट्रेस नावाचा मॉड, म्हणजे मूळ गेम बदलून बनवलेला नवा गेम, केला. त्याचा दुसरा भाग आधी खऱ्या लष्करासारखा दिसणार होता. ते रूप टाकून देऊन व्हॉल्व्ह कंपनीने तो कार्टूनसारखा केला आणि 10 ऑक्टोबर 2007 ला ऑरेंज बॉक्स या गेमसंचातून आणला. लाल आणि निळा असे दोन संघ, नऊ क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार. 23 जून 2011 ला गेम फुकट झाला, तेव्हा कुठे आमच्यासारख्यांचा नंबर लागला.

आमच्याकडे तेव्हा डोंगल होता आणि माडीच्या एका खिडकीत धरला तरच रेंज यायची. त्यावर एवढा गेम उतरणं शक्यच नव्हतं. मुंबईच्या चुलतभावाने चतुर्थीला येताना हार्डडिस्कवर बॅकअप आणला. पिंग, म्हणजे सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ, तीनशे मिलिसेकंदांच्या घरात. अशा नेटवर स्पायचा सुरा हमखास चुकतो, सोल्जरचं रॉकेट बटण दाबल्यावर जरा थांबून सुटतं. मी इंजिनिअर घेतला, कारण त्याच्या सेन्ट्रीचा, म्हणजे आपोआप गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीचा, नेम सर्व्हर धरतो, तिला माझ्या डोंगलची गरज नाही. 130 मेटलची सेन्ट्री उभी करायची, पाना मारून आणखी 200 घालायचे, मग मेटल देणाऱ्या डिस्पेन्सरपाशी जाऊन पुन्हा 200. तिसऱ्या लेव्हलला ती पोचली की गोठ्याला नवीन छप्पर घातल्यासारखं समाधान वाटायचं. आजही मी इंजिनिअरच आहे, आता फायबर आला तरी.

तुम्ही कुठल्या गावातून खेळलात, कुठला क्लास, सोबत कोण होतं, ते लिहा. मालवणीत लिहा, संगमेश्वरीत लिहा, कसंही लिहा.

मालवण

मी मेडिक. दुसरा क्लास कधी मनापासून खेळलोच नाही. लोक विचारतात की दुसऱ्याच्या पाठीमागे धावण्यात काय मजा? त्यांना मी रापण सांगतो.

आमचं घर रापणकरांचं. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ मारून येते आणि मग किनाऱ्यावर दोन बाजूंना दोन टोकं ओढायची. दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात. एका बाजूने जोर दाखवला तर जाळं तिरकं होतं आणि मासळी दुसरीकडून निघून जाते. लहानपणी मला पुढे जागा मिळायची नाही, मी मागे दोर गुंडाळत बसायचो. आजोबा म्हणायचे, "दोर गुतलो तर म्होरल्यान काय करूचा?" वाटणीत माझाही लहानसा वाटा असायचा.

मेडिकचं काम हेच. हेवी या धिप्पाड पात्राचं आयुष्य 300, आपण उपचाराची बंदूक त्याच्यावर धरून राहिलो तर 450 पर्यंत चढतं. तेवढा फरक पुलावर निकाल लावतो. आणि उबर भरली की आठ सेकंद दोघांनाही काही लागत नाही. त्या आठ सेकंदांसाठी आधी किती वेळ जीव सांभाळून भिंतीआड राहायचं, कोणाला किती द्यायचं, कोण ओरडतोय म्हणून नव्हे तर कोणाला खरी गरज आहे म्हणून वळायचं, हे सगळं डोक्यात सतत चालू असतं. चुकीच्या माणसावर उबर उडवली की संपूर्ण संघ परत मागे येतो.

2014 च्या पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, रोज रात्री एकाच हेवीबरोबर खेळायचो. तो रशियन होता. गेममधला हेवी रशियन आहे आणि हा खराखुरा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला जेमतेम. दोन महिने आमचं बोलणं म्हणजे ई दाबून "मेडिक!" आणि नंतर "थँक्स". मी कधी उबर सोडणार ते त्याला माझ्या थांबण्यावरून कळायचं. ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या, मी रात्री जाळ्यावर जाऊ लागलो, आणि त्याला सांगायचं कसं तेच सुचलं नाही. शेवटी मोबाइलवर होडीचा फोटो काढला, प्रोफाइलला लावला. दुसऱ्या दिवशी त्याच्या प्रोफाइलला एका गोठलेल्या नदीचा फोटो होता. एवढंच. पण मी ते विसरलो नाही.

गुहागर

मी पायरो, आग फेकणारा क्लास. मुलगी आहे हे मुद्दाम लिहितेय, कारण त्यामुळेच पायरो निवडला. मुखवट्यामागे कोण आहे ते गेमने कधी सांगितलंच नाही, आणि बोलला तर मुखवट्यातून नुसतं घुमतं. दादाचा माइक मोडका होता आणि घरात आईबाबा झोपलेले, त्यामुळे मी झेड, एक्स, सी या तीन बटणांवरच्या आवाजांनी सगळं सांगायचे. "स्पाय!" "पुढे चला!" "मदत!" कोणी माझा आवाज ऐकला नाही, कोणी नको ते विचारलं नाही.

सगळ्यात आवडतं काम म्हणजे जळणाऱ्या आपल्या माणसाला हवेच्या झोताने विझवणं. आग लावायला सगळे येतात. विझवायला थांबणारा पायरो मला मोठा वाटतो.

वेंगुर्ले तालुका

बाबा दशावतारात काम करायचे, तीसेक वर्षं. संवाद लिहिलेले नसतात, कथा ठरते आणि पुढे ज्याने त्याने उभं राहून बोलायचं, पहाटेपर्यंत. त्यांनी सुरुवात केली तेव्हा जत्रेत गॅसबत्त्या असायच्या. त्या उजेडात सगळ्यात मागे गोधडी घेऊन बसलेल्या म्हातारीलाही कळायला हवं की आत्ता कोण आलं. म्हणून मुकुटाची उंची, खांद्यांची रुंदी, पाय टाकायची पद्धत. चेहरा नंतर.

2012 च्या मे महिन्यात एका रात्री मी खेळत होतो आणि बाबा मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं आता ओरडा बसणार. ते बराच वेळ बघत राहिले आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका काळ्या सावलीकडे बोट करून म्हणाले, "ह्यो राक्षसपार्टी." ती सावली हेवीची होती, अजून उजेडातही आली नव्हती.

मी तेव्हा जे जे वाचलं ते त्यांना सांगितलं. या गेमच्या चित्रकारांनी लायेनडेकर, डीन कॉर्नवेल, नॉर्मन रॉकवेल अशा जुन्या अमेरिकन चित्रकारांकडे बघून ही शैली बांधली. नऊही जण नुसत्या बाह्याकृतीवरून ओळखता आले पाहिजेत हे आधी ठरवलं. रंग पायांकडे गडद आणि छातीकडे उजळ ठेवले, म्हणजे नजर आपोआप वर, हातातल्या शस्त्राकडे जाते. व्हॉल्व्हच्या लोकांनी 2007 मध्ये यावर शोधनिबंधही लिहिला. बाबा म्हणाले, "मगे? आमी मुकुटाक बेगड कित्याक लावतंव?"

मग त्यांनी सुटाबुटातल्या माणसाचं विचारलं. मी म्हटलं, तो स्पाय, आपल्यातल्या कोणाचाही वेष घेऊन आत शिरतो. त्यावर जे ऐकलं ते मी आजपर्यंत वापरतो. "वेष बदललो तरी चाल बदलूक येणा नाय. तेचे पाय बघ." खरंच तसं आहे. स्काउट सगळ्यात वेगवान. स्पायने स्काउटचा वेष घेतला तरी त्याला तो वेग मिळत नाही. आपला स्काउट सावकाश चालत येतोय असं दिसलं की मी आधी गोळी घालतो. दहापैकी नऊ वेळा बाबा बरोबर निघतात.

त्यांनी काम सोडलं आता, गुडघे गेले. अजून मागे येऊन बसतात.

रत्नागिरी, एका मुलाची आई

माझा मुलगा दहावीत असताना हा गेम आमच्या घरात आला. बंदुका आहेत म्हटल्यावर मी बंद करायला निघाले होते. मी शिक्षिका आहे, न बघता नाही म्हणणं मला पटत नाही, म्हणून एक अख्खा डाव शेजारी खुर्ची टाकून पाहिला. एक गाडी रुळावरून ढकलत न्यायची होती. गाडीजवळ कोणी उभं राहिलं तरच ती पुढे सरकते, तिघं उभे राहिले तर सगळ्यात जोरात. माझा मुलगा एकटाच उभा होता आणि बाकीचे लांब मारामारी करत होते. "हे येत का नाहीत?" असं मीच ओरडले. त्यानंतर आमच्यात नियम ठरला, गाडी पोचली किंवा अडली की संगणक बंद. घड्याळापेक्षा हा नियम त्याने जास्त पाळला.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही आणि आजही पटत नाही. त्यात पेट्या मिळतात आणि त्या उघडायला पैशाची किल्ली घ्यावी लागते. आत काय निघेल ते नशीब. मुलाने माझं कार्ड मागितलं, मी दिलं नाही. दोन दिवस जेवताना बोलला नाही. मुलांच्या हाती असा खेळ देणाऱ्या प्रत्येक आईबापाने त्या किल्लीबद्दल आधी बसून बोलावं असं मला कळकळीने वाटतं.

हर्णै, दापोली

मला 2020 बद्दल लिहायचं आहे.

लॉकडाऊनमध्ये आम्ही सहा जण रोज रात्री दहाला जमायचो. दोन दापोलीचे, एक पुण्यात अडकलेला, बाकी बाहेरचे. एप्रिलमध्ये बातमी आली की सोल्जरला आवाज देणारे रिक मे कोरोनाने गेले. मेमध्ये गेमच्या जुन्या मॅपवर सोल्जरचे पुतळे उभे राहिले, सलाम करणारे. जवळ गेलं की त्यांचाच आवाज यायचा. शत्रूसंघाचे लोकही पुतळ्यासमोर बंदूक खाली करून उभे राहायचे. आमच्या वाडीत तेव्हा कोणाच्या अंत्ययात्रेलाही जाता येत नव्हतं. मी त्या पुतळ्यापुढे उभा राहून माझ्या मामांसाठी रडलो. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

मग 3 जूनला निसर्ग वादळ आलं. घरावरचे पत्रे गेले, सुपारीची बाग आडवी, नारळ मोडले. वीज, फोन, काही नाही. कितीतरी दिवस आम्ही मेणबत्तीवर होतो, आणि बॅटरी चार्ज करायला जनरेटरवाल्याकडे रांग. गेमची आठवणही आली नाही.

वीज आली तेव्हा जून संपत आला होता. संगणक कोरड्या खोलीत उचलून ठेवला होता म्हणून वाचला. लॉगिन केलं तर त्या पाच जणांचे मेसेज, एकाखाली एक. पुण्याच्याने रोज रात्री दहा वाजता फक्त माझं टोपणनाव आणि प्रश्नचिन्ह टाकलं होतं. बाकीच्या मॅपवरचे पुतळे तोवर काढलेले होते, ग्रॅनरी या मॅपवरचा एक कायमचा ठेवलाय. आम्ही सहाही जण तिथे गेलो. कोणी खेळलं नाही. मी माइकवर झाडांची मोजणी सांगितली, किती पडली, किती उभी आहेत. सगळे ऐकत होते.

चिपळूण

हर्णैचं वाचून लिहावंसं वाटलं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत आलं. संगणक तळमजल्यावर होता. चिखल काढताना त्याचा डबा सापडला, आत गाळ. शाळेची प्रमाणपत्रं, फोटो, सगळं गेलं. सात महिन्यांनी भावाच्या लॅपटॉपवर लॉगिन केलं आणि माझा गेममधला बॅकपॅक, म्हणजे जमवलेल्या वस्तूंचा साठा, होता तसा होता. 2013 मध्ये मित्राने दिलेली एक टोपी, खाली त्याने लिहिलेली ओळ. तो मित्र आता परदेशात. घरात त्या वर्षांमधलं दुसरं काही शिल्लक नाही, म्हणून ती टोपी मी बदलत नाही.

पुन्हा कुडाळ

एवढं येईल असं वाटलं नव्हतं. हर्णै, तुमच्या मामांना माझाही नमस्कार. वेंगुर्ल्याच्या बाबांना सांगा की काल मी पाय बघून दोन स्पाय पकडले.

मध्ये बॉटचा, म्हणजे माणसाऐवजी खेळणाऱ्या प्रोग्रॅमचा, इतका सुळसुळाट झाला होता की सर्व्हरवर शिरलं की स्नायपर बॉट क्षणात उडवायचे. मीही दीड वर्ष सोडून दिलं होतं. 2022 च्या मे महिन्यात आणि 2024 च्या जूनमध्ये जगभरच्या खेळाडूंनी आवाज उठवला, त्यात मीही होतो. आता पुन्हा माणसं भेटतात.

चतुर्थीला चाकरमानी येणारच. गौरी गेल्यावर, रात्रीची आरती झाली की साडेदहाला 2फोर्टवर येता का? खाजगी सर्व्हर मी लावतो. इंजिनिअर मी आहे. गुहागरच्या ताई पायरो असतील असं धरतो. माइक नसला तरी चालेल.

मालवण

ईन. मेडिक मी.