डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) पॉलिशर घ्यायचाय: ८ मिमी, १५ मिमी की सरळ रोटरी?

ऐरोलीकर
मंडळी, सल्ला हवाय. गडद निळी हॅचबॅक, चार वर्षं जुनी, रंग कंपनीचाच, कुठेही रिपेंट नाही. सोसायटीत रोज सकाळी एकाच बादलीतलं एकच फडकं सगळ्या गाड्यांवर फिरतं, त्यामुळे उन्हात बॉनेटवर बारीक गोल ओरखडे चमकतात. घरात दुसरी गाडी पांढरी आहे. धंदा करायचा नाही, घरच्या दोन गाड्या आणि फार तर भावाची. मशीन, पॅड, कंपाउंड (ओरखडे घासून काढणारी पेस्ट) मिळून १२ हजारांपर्यंत जाईन. जागा पोडियम पार्किंग, भिंतीला एक साधा सॉकेट. एक जण म्हणतो, चार इंची ग्राइंडरला फोम लाव, काम होतं. खरं का?

मायक्रॉन
ग्राइंडरचं आधी निकालात काढू: नाही. तो मिनिटाला ११,०००च्या आसपास फेरे मारतो. पॉलिशिंगची रोटरी साधारण ६०० ते २,०००मध्ये चालवतात. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, बहुतेक गाड्यांवर ३५ ते ५० मायक्रॉन असतो, बॉनेटच्या घडीवर आणि दाराच्या कडेला त्याहून पातळ. तिथे ग्राइंडर क्षणभर रेंगाळला की खालचा रंग उघडा पडतो आणि मग पॅनल रंगवण्याशिवाय इलाज नाही.

रोटरी वाईट नाही, पण पॅड एकाच जागी गरगरतो, उष्णता साचते आणि हात बसलेला नसेल तर गडद रंगावर होलोग्राम (उन्हात दिसणारे तरंगते पट्टे) उठतात. तुमच्यासाठी डीएच, त्यात पॅड स्वतःभोवती फिरता फिरता छोट्या वर्तुळातही सरकतो. ८ आणि १५ हे आकडे म्हणजे त्या छोट्या वर्तुळाचा व्यास. १५ मिमीचं मशीन सपाट भागावर भराभर काम उरकतं आणि फिनिश स्वच्छ देतं. माझं मत १५ मिमी, पाच इंची बॅकिंग प्लेट (पॅड जिच्यावर चिकटतो ती चकती).

सॉकेटची चिंता नको. ९०० वॉटचं मशीनही ४ अँपिअरच्या आतच घेतं. एक्स्टेंशन १.५ चौरस मिमीची तीन-पिन घ्या आणि रीळ पूर्ण उलगडून वापरा.

पाचपाखाडी
१५ मिमीवर मी अडखळतो. आजच्या हॅचबॅकला सपाट जागा असते किती? छत, अर्धं बॉनेट, दारांचा मधला पट्टा. बाकी सगळ्या घड्या आणि गोलाई. फ्री-स्पिनिंग (पॅडचं फिरणं गिअरने बांधलेलं नसतं अशा) १५ मिमीचा पॅड गोलाईवर एका बाजूने टेकला की फिरणं थांबतो, नुसता थरथरतो. मशीन चालू, आवाज चालू, कटिंग, म्हणजे ओरखडे घासून काढणं, मात्र शून्य. नवशिक्याला ते कळतही नाही.

म्हणून मशीन कोणतंही घ्या, बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड काळी रेघ मारा. काम करताना ती फिरताना दिसली पाहिजे. थांबली, तर दाब जास्त आहे, मशीन तिरकं धरलंय किंवा पॅड कंपाउंडने चिंब झालाय. दाब म्हणजे मशीनचं वजन आणि वर हाताचा हलका भार, बस.

एकच मशीन घ्यायचं तर मी ८ किंवा १२ मिमी म्हणेन. बंपर, आरशाची टोपी आणि खांबांसाठी तीन इंची प्लेट जोडता येते का ते आधी विचारा. १५ मिमीवर तीन इंची प्लेट बसवू नका: आतलं काउंटरवेट (तोल सांभाळणारं वजन) पाच इंचीच्या हिशेबाने असतं, मनगटाला झिणझिण्या येतील.

मायक्रॉन
गोलाईचा मुद्दा मान्य. १२ मिमी चांगलं मिळालं तर तेच घ्या.

प्लेट घेताना आटे मात्र बघा. रोटरीला बहुधा एम१४ (१४ मिमी जाडीचा आटा). डीएमध्ये दोन प्रकार चालतात: एम८ आणि ५/१६ इंच. ५/१६ म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे चुकीची प्लेटही दोन फेरे गुमान बसते, आपण जोर लावतो आणि स्पिंडलचे आटे जातात. दुकानात बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

ऐरोलीकर
ग्राइंडर रद्द, १२ मिमी शोधतो. पॅड किती लागतील? आणि सुरुवात कुठून करायची?

नेरूळ वेस्ट
सगळे पैसे मशीनवर घालवतात आणि दोन पॅडवर अख्खी गाडी रेटतात, तिथेच घोळ होतो. एका गाडीला मध्यम फोमचे चार, मऊ फिनिशिंगचे दोन आणि मायक्रोफायबर कटिंगचे दोन पॅड धरा. पाच इंची प्लेटला साडेपाच इंची पॅड, म्हणजे प्लेटची कड रंगाला लागणार नाही.

मशीन लावण्याआधी गाडी धुवा. टँकर किंवा बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून मिनिटभर लावा आणि धुवा. तरी राहिले तर ते क्लिअर कोट खाऊन आत गेलेत, पॉलिशनेच जातील. तुमच्याकडे रेल्वेचे रूळ आणि ठाणे-बेलापूर रोडचे कारखाने दोन्ही जवळ, म्हणून आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा) टाळू नका. तीन-चार मिनिटांत जांभळे ओघळ येतात. वाळू न देता धुवायचे. मग क्ले, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणारी चिकट माती. हे न करता पॅड फिरवला तर लोखंडाचे कण पॅडखाली रगडले जाऊन नवे ओरखडे उमटतात.

काळं प्लास्टिक, रबर आणि पॅनलच्या कडा मास्किंग टेपने झाका. सुरुवात बॉनेटच्या एका कोपऱ्यात, दीड फूट बाय दीड फूट. आधी मध्यम फोम आणि साधं पॉलिश. त्याने भागत असेल तर कंपाउंड उघडूच नका. नव्या पॅडला आधी थोडं पॉलिश चोळून घ्या, मग वाटाण्याएवढे चार थेंब. मशीनच्या वेगाच्या १ नंबरवर पसरवा, ४-५ वर काम. हात सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर सरकवा, अर्धा पॅड आधीच्या पट्ट्यावर ठेवून. आडवे-उभे मिळून चार ते सहा पास. आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) आणि पाणी १:४ मिसळून पुसा, नाहीतर पॉलिशच्या तेलाने झाकलेले ओरखडे गेले असं वाटतं आणि पुढच्या धुण्याला परत उगवतात.

तपासताना पोडियमची ट्यूबलाइट बंद करून एलईडी टॉर्च तिरका धरा. ट्यूबखाली सगळंच छान दिसतं.

दर पट्ट्यानंतर पॅड ब्रशने झाडा. एप्रिल-मेमध्ये गाडी उन्हातून आणून लगेच सुरू करू नका: पत्रा तापलेला असला की पॉलिश मिनिटभरात सुकतं, पांढरी पूड उडते आणि पॅड घासत राहतो.

पाचपाखाडी
बंपरला वेग एक नंबर कमी. प्लास्टिक उष्णता पसरवत नाही, रंग लगेच तापतो. आणि नखाला अडकणारा ओरखडा सोडून द्या. तो घालवायला जितका क्लिअर कोट काढाल तितका परत मिळत नाही.

ऐरोलीकर
पांढऱ्या गाडीला हेच सगळं? तिच्यावर ओरखडे दिसतच नाहीत.

मायक्रॉन
मेटॅलिक किंवा पर्ल पांढरा असेल तर हेच. साधा सॉलिड पांढरा असेल तर जरा जपून, काही गाड्यांना त्या रंगावर क्लिअर कोट नसतो. कोपऱ्यात गडद रंगाच्या पॅडने दोन पास मारून बघा. पांढऱ्या पॉलिशने फसायला होतं, म्हणून रंगीत पॉलिश वापरा. पॅडवर पांढरं उतरलं तर तो गाडीचा रंग आहे. कटिंग तिथेच थांबवा, मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिश एवढंच करा, आणि ते पॅड निळ्या गाडीला लावू नका.