पहिल्याच पानावर नकाशा नसलेली फँटसी सुचवा प्लीज

अर्धाकप:

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मागच्या दिवाळीत मैत्रिणीने एक जाडजूड फँटसी कादंबरी भेट दिली, हौसेने उघडली तर पहिल्या पानावर नकाशा, मग राजघराण्यांची वंशावळ आणि शेवटी परिशिष्टात महिन्यांची नावं. म्हंजे अभ्यासच की! दहावीचा भूगोल मी एकदा दिलाय, परत नाही द्यायचा. पोरगी साडेतीन वर्षांची आहे, ती झोपल्यावर जेमतेम पाऊण तास मिळतो, त्यात कुठल्या नदीच्या उत्तरेला कुणाचं राज्य हे कोण लक्षात ठेवणार, चार दिवस खंड पडला की परत पान एकपासून.

पण फँटसी सोडवतही नाही. गेल्या काही महिन्यांत दोनच गोष्टी अगदी आतून आवडल्या. एक सुझॅना क्लार्कची 'पिरानेसी'. एक माणूस एका अवाढव्य वाड्यात राहतो, दालनांमागून दालनं, सगळीकडे पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र आणि वरच्या मजल्यावर ढग. त्याच्या हिशोबाने जगात आजवर माणसं झाली एकूण पंधरा, त्यातले तेरा सांगाडे. तो डायरी लिहितो आणि वर्षाला आकडा नाही, 'अल्बाट्रॉस नैऋत्येच्या दालनांत आला ते वर्ष' असं. आमची आजी 'पानशेत फुटलं त्या साली' म्हणायची ना, सेम तसं. त्या अल्बाट्रॉसला घरटं बांधायला तो स्वतःचं वाळवलेलं शेवाळ देऊन टाकतो, जे त्याला थंडीत जाळायला लागणार असतं, आणि त्याचं त्याला काही विशेष वाटतही नाही. तिथे मी पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसती बसले होते.

दुसरी 'फ्रीरेन', जपानी मांगा, म्हणजे तिकडचं कॉमिक. इतरांची गोष्ट जिथे संपते तिथे हिची सुरू होते, म्हणजे राक्षसांचा राजा मेलाय, चौघं परत आलेत, सत्कार चाललेत. फ्रीरेन एल्फ आहे, हजार वर्षांच्या वर जगलेली, त्यामुळे ही दहा वर्षांची मोहीम म्हणजे तिला शनिवार-रविवारची ट्रिप. पन्नास वर्षांनी भेटायला येते तर चौघांतला तो देखणा हिमेल म्हातारा आणि टकला, आणि थोड्या दिवसांत जातोच. अंत्यविधीला ती रडते, की दहा वर्षं बरोबर होतो पण मी याला ओळखायचा प्रयत्नच केला नाही. आणि हिचा छंद काय तर निरुपयोगी मंत्र गोळा करणे. एक मंत्र गोड द्राक्षं आंबट करायचा!! कोल्ह्याची सोय.

तर असं काहीतरी सुचवा. पुस्तक, कॉमिक, पॉडकास्ट, काहीही चालेल. जग वाचवायचं नसावं, एवढीच अट. आणि नकाशा.

टिंबटिंब:

नकाशाला का नावं ठेवताय, मी तर आधी नकाशाच बघतो, कोपऱ्यात ड्रॅगन असेल तर विकत घेतो :) आणि पिरानेसी मला अजिबात झेपली नाही. पहिली साठ-सत्तर पानं पुतळे, पुतळे आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक. पुढे रहस्य आहे हे मान्य, पण तोवर मी दोनदा झोपलो.

मी सध्या ब्रँडन सँडरसनच्या 'मिस्टबॉर्न'वर आहे. यात लोक धातू गिळून जादू करतात. कथील खाल्लं की कान-डोळे तल्लख, लोखंड असेल तर धातूच्या वस्तू स्वतःकडे खेचायच्या, पोलाद असेल तर ढकलायच्या. पितळाने समोरच्याचं डोकं शांत करता येतं, आमच्या मॅनेजरसाठी पातेलंभर लागेल. जादूला असे कडक नियम असले की मला मजा येते, कारण मग लेखकाला ऐनवेळी काहीही काढून दाखवता येत नाही, पितळ उघडं पडतं लगेच. (हा विनोद जमला नाही तर सोडून द्या.) तुमची अट मोडतोय, यात जग वाचवतात आणि नकाशाही आहे.

अर्धाकप:

विनोद जमला, शिफारस नाही जमली. नियमवाली जादू वाचताना मला सारखं वाटतं की मागे उत्तरं दिलेली असतील.

मालवणी_मांजर:

ताई तुम्ही 'डिलिशस इन डंजन' वाचा. र्‍योको कुई नावाच्या बाईंचा मांगा आहे, चौदा खंड, आणि मुख्य म्हणजे २०२३ मध्ये संपलाय, पुढच्या भागाची वाट बघत म्हातारं व्हायला नको. गोष्ट अशी की लायोसच्या बहिणीला लाल ड्रॅगन गिळतो, ती पचायच्या आत तिला बाहेर काढायचंय (तिथे मेलेल्याला उठवता येतं पण पचलेल्याचं काय करणार), आणि खिशात पैसे नाहीत. मग रेशन न घेताच भुयारात उतरायचं आणि वाटेत जो राक्षस भेटेल तो शिजवून खायचा. सेन्शी नावाचा एक बुटका दाढीवाला भेटतो जो दहा वर्षांहून जास्त काळ हाच स्वयंपाक करतोय आणि त्याला राक्षसांपेक्षा जास्त राग येतो तो अवेळी जेवणाऱ्यांचा, चौरस आहार न घेणाऱ्यांचा. अगदी आमची आई.

आता मी पडले मासे खाणाऱ्या घरातली, त्यामुळे मला यातला सगळ्यात भारी वाटलेला भाग म्हणजे जिवंत चिलखत. ते आपोआप चालणारं चिलखत असतं ना, जे दर गोष्टीत कुणाच्या तरी आत्म्याने पछाडलेलं असतं, इथे ते उघडतात तर आत शिंपल्यातल्यासारखं मांस! म्हणजे चिलखत हे कवच आणि आत तिसऱ्या. मग ते कसं सोडवायचं, भाजायचं की उकडायचं यावर रीतसर चर्चा. गोलेमच्या (मातीचा चालता पुतळा हो) पाठीवर तर सेन्शीने भाजीपाला लावलाय, माती आयती आणि राखणदार पण तोच. मी हसून हसून मेले पण नंतर लक्षात आलं की ही बाई प्रत्येक प्राणी खरोखर विचार करून बनवते, तो काय खातो, अंडी कुठे घालतो, कुणाला घाबरतो. तुमचा तो कोपऱ्यातला ड्रॅगन आहे ना टिंबटिंब, त्याला हे पोटासकट उघडून दाखवतात.

पुढे गोष्ट बरीच काळी होते, सांगून ठेवते. आणि रिकाम्या पोटी वाचू नका, मी रात्री साडेअकराला सोलकढी करत बसले होते.

सात_बेचाळीसची_फास्ट:

पॉडकास्टचं मी सांगतो, कारण कल्याण ते सीएसटी रोज उभ्याने जाणाऱ्या माणसाला पुस्तक धरायला हात मोकळा नसतो.

'द मॅग्नस आर्काइव्हज'. २०१६ ते २०२१, बरोबर दोनशे भाग, बहुतेक अर्ध्या तासाच्या आतले. लंडनमधली एक संस्था आहे जिथे लोक येऊन त्यांना आलेले विचित्र अनुभव लिहून देतात आणि तिथला नवा मुख्य माणूस ते जुन्या टेपरेकॉर्डरवर वाचून ठेवतो, कारण खऱ्या भानगडीची जबानी असेल तर कॉम्प्युटरवर ती नीट रेकॉर्डच होत नाही. आधी वाटतं सुट्ट्या भुताच्या गोष्टी आहेत, मग विसाव्या-पंचविसाव्या भागात एखादं नाव येतं आणि तुम्ही म्हणता थांब थांब हे आधी ऐकलंय. आकाशवाणीवर रात्री श्रुतिका लागायची तेव्हा घरात कुणी भांडं वाजवलं की बाबा ओरडायचे, तसं मी आता बाजूच्या भजनमंडळावर मनातल्या मनात ओरडतो. एकदा पारसिकच्या बोगद्यात नेमका दिवा लुकलुकला, भाग अंधाराबद्दलचा, मी शेजारच्या काकांचा दंड धरला. काकांनी काही विचारलं नाही, सवय असावी.

हे भयकथेत जास्त मोडतं. नारायण धारपांचे समर्थ आवडत असतील तर चालेल, फक्त इथे तुम्हाला वाचवायला समर्थ येत नाहीत.

दुसरं 'हॅलो फ्रॉम द मॅजिक टॅव्हर्न', हे निव्वळ टाइमपास. शिकागोतल्या एका बर्गर किंगच्या मागे एक माणूस खड्ड्यातून भलत्याच जादुई जगात पडतो आणि तिथल्या दारूच्या गुत्त्यात बसून पॉडकास्ट करायला लागतो, कारण बर्गर किंगचं वायफाय त्या भोकातून थोडंथोडं येतं. एक जादूगार आहे त्याची स्वतःची ओळख करून देणं लग्नपत्रिकेतल्या नावांपेक्षा लांब असतं आणि तो ती पुन्हा पुन्हा करून देतो. सगळं आयत्या वेळी सुचलेलं, त्यामुळे अर्धे भाग फुसके, अर्धे हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पोरीसमोर लावू नका, तोंडं घाण आहेत सगळ्यांची.

शेवंतीची_वेणी:

अर्सुला ले ग्विनची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' अजून कुणीच कशी नाही सांगितली? १९६८ ची, दोनशे पानांच्या आसपास. नकाशा आहे हो (बाईंनी स्वतः काढलेला), पण न बघता वाचता येते, सगळी बेटंच तर आहेत.

इथे जादू म्हणजे नाव. प्रत्येक वस्तूला, माणसाला एक खरं नाव असतं, ते कळलं की तुमची त्याच्यावर सत्ता. त्यामुळे खरं नाव कुणी सांगत नाही, रोजच्या वापराला वेगळं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॉलेजात होते आणि मला यात काही परकं वाटलंच नाही. पत्रिकेतलं नाव वेगळं, हाक मारायचं वेगळं, बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते ते कुर्रर्र करून, आणि माझ्या आजीने उभ्या आयुष्यात आजोबांचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नाही. आजीला मी अर्थसीची गोष्ट सांगितली होती तर म्हणाली, मग त्यात नवीन काय आहे. गोष्टीत एक मित्र दुसऱ्याला स्वतःचं खरं नाव सांगतो, आपणहून, त्याच्या सगळ्यात पडत्या काळात. मारामारी नाही काही नाही, एक नाव फक्त, आणि मला तेवढं पुरतं.

जुनाट:

सगळं वाचलं. सगळे परदेशातच फिरताय म्हणून एक घरचं सांगतो. मी या पावसाळ्यात कथासरित्सागर परत काढला, अकराव्या शतकातला, काश्मीरच्या सोमदेवाचा. लहानपणी चांदोबात विक्रम-वेताळ वाचलेलं असतं आणि शंकर यांनी काढलेला तो तलवारवाला राजा आणि खांद्यावरचं प्रेत अजून डोळ्यांपुढे असतं, पण ती पंचवीस कथांची माळ याच्या पोटातली एक आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

तर यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हे पुस्तक कसं झालं त्याचीच गोष्ट, आणि ती घडते आपल्या पैठणला. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करतोय, एक राणी दमते आणि संस्कृतात म्हणते 'मोदकैः', म्हणजे मा उदकैः, पाणी नको मारूस. राजाचं संस्कृत कच्चं, तो मोदक मागवतो. राणी हसते, राजाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मग दरबारातला गुणाढ्य म्हणतो मी सहा वर्षांत व्याकरण शिकवीन, दुसरा शर्ववर्मा म्हणतो सहा महिन्यांत, (क्लासच्या जाहिराती तेव्हापासून आहेत), गुणाढ्य चिडून पैज लावतो की असं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा तिन्ही सोडीन. आणि हरतो. आता बोलायला भाषाच उरली नाही म्हणून विंध्याच्या रानात जातो, पिशाचांची भाषा शिकतो, शाई मिळत नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने सात वर्षं सात लाख श्लोक लिहितो. राजाकडे पाठवतो तर राजा म्हणतो पिशाचांची भाषा आणि रक्ताने लिहिलेलं, शी, परत न्या. मग तो माणूस डोंगरावर अग्नी पेटवून एकेक पान रानातल्या जनावरांना वाचून दाखवतो आणि जाळतो. जनावरं चरायचं सोडून रडत ऐकत बसतात, वाळतात, मग राजाच्या मुदपाकखान्यात येणारं मांस नीरस होतं, राजा आजारी पडतो, चौकशी होते, आणि राजा धावत येतो तोवर सहा लाख जळालेले, एकच लाख उरलेले. सोमदेवाचा ग्रंथ म्हणजे त्या उरलेल्याचंच सार.

मी तुमचं मिस्टबॉर्न वाचलेलं नाही टिंबटिंब, पण लेखकाच्या दुःखाची बातमी राजाला सामिष जेवणातून कळते यापुढे कसला धातू आणि कसलं काय. आणि अर्धाकप, नकाशा नाही. पैठणला एसटी जाते.

टिंबटिंब:

बुवा _/\_ शरण. पण मला एक कळत नाही, हे असं घरात पडलेलं असताना मराठीत आज मोठ्या माणसांसाठी फँटसी का दिसत नाही फारशी, भयकथा भरपूर दिसतात. अनुवाद आहेत, लॉर्ड ऑफ द रिंग्ज 'स्वामी मुद्रिकांचा' नावाने आहे मराठीत, पण नवीन, आपलं?

जुनाट:

कारण राक्षस, जादू आलं की आपण ते एकतर पोरांच्या कपाटात ठेवतो नाहीतर देवघरात. मधे शेल्फ नाही. वेगळा धागा काढा त्यावर, इथे ताईंना पुस्तकं हवीत.

उशिरा_आलेला:

फक्त एक नाव टाकून पळतो, 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स', श्रीलंकेच्या वज्र चंद्रसेकरांची, २०२३ ची, नेब्युला पुरस्कार मिळालाय. नायकाला आईने बापाला मारण्यासाठी वाढवलंय आणि तो मोठा होऊन शहरात येऊन काय करतो तर ज्यांची निवड होता होता राहिली अशा 'तारणहारां'च्या सपोर्ट ग्रुपला जातो. बुद्ध आणि त्याचा मुलगा राहुल डोक्यात ठेवून वाचा, जास्त चावेल. मधला भाग रेंगाळतो, मला चाललं.

अर्धाकप:

सगळ्यांना थँक्यू, वाखु (वाचनखूण) साठवलीय. अर्थसी मागवली, नकाशावर स्टिकर चिकटवणार आहे. डंजनचा पहिला खंड नवऱ्याने पळवलाय आणि तो आता भाजीवाल्याकडे विचित्र नजरेने बघतो.

जुनाट काका, काल रात्री पोरीला तुमची मोदकाची गोष्ट सांगितली, रक्तबिक्त वगळून. जनावरं रडतात तिथे ती गप्प झाली. मग झोपता झोपता विचारते, आई, राणीने मोदक खाल्ले का गं? मूळ ग्रंथात आहे का काही?

जुनाट:

परत बघितलं. राणीने खाल्ले की नाही ते सोमदेवाने लिहिलेलं नाही. राजाने मात्र लाजेने अन्नावरची वासना सोडली असं आहे, म्हणजे उरले असणार.