मदत हवी आहे : क्वाश्नेव्स्की वालेसांना कसे हरवू शकले?

मंडळी, पोलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष अलेक्सांदर क्वाश्नेव्स्की यांच्यावर लेख लिहायला घेतलाय, पण एका ठिकाणी घोडं अडलंय. कम्युनिस्ट सरकारात मंत्री असलेला हा माणूस १९८९ला सरकार आणि विरोधक यांच्यात झालेल्या गोलमेज चर्चेत सरकारच्या बाजूने बसला होता. १९९५ला त्यानेच थेट तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आणि कम्युनिस्टांविरुद्ध लढलेल्या ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेचे नेते लेक वालेसा यांना हरवलं, तेही जेमतेम ५१.७ टक्के मतं घेऊन! टीव्हीवरच्या चर्चेनंतर वालेसांनी हस्तांदोलन नाकारलं, ते त्यांना महागात पडलं असं मला वाटतं. पण तेवढ्याने निवडणूक फिरत नाही. बेकारीचा, बंद पडलेल्या कारखान्यांचा वाटा किती? क्वाश्नेव्स्कींच्याच काळात पोलंड १९९९ला नाटोत आणि २००४ला युरोपीय संघात गेला, म्हणून हा प्रश्न जास्तच छळतो. तिकडे राहिलेलं कोणी आहे का? या काळावर चांगलं वाचायला काय सुचवाल? मराठीत असेल तर फारच उत्तम.