रॅम किती आणि कुठेय हे मायक्रोकर्नलला बूट होताना सांगतं कोण?

कर्नलवेडा:
शिकायला म्हणून छोटा मायक्रोकर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा अगदी किमान गाभा, बाकी कामं त्याच्या बाहेर) लिहितोय, एक्स८६ वर, ग्रब या बूटलोडरने मल्टीबूट पद्धतीने लोड करतो. क्यूएमू एम्युलेटरला १२८ एमबी रॅम दिली तर मेमरी मॅपमधे (कुठला पत्ता वापरता येईल, कुठला राखीव याची यादी) वापरण्याजोगे दोनच तुकडे दिसतात, एक शून्यापासून ६३९ केबीपर्यंत आणि दुसरा १ एमबीपासून जवळपास शेवटपर्यंत. हे कर्नलने स्वतः तपासून बघायचं असतं का? आणि मेमरी मॅनेजर युजरस्पेसमधे (कर्नलबाहेर, साध्या प्रोग्रॅमसारखा) टाकायचाय, त्याला हे सगळं कळणार कसं, तो तर अजून सुरूच झालेला नाही 😅

पेजफॉल्ट:
तपासायच्या भानगडीत पडू नकोस, पत्त्यावर काहीतरी लिहून परत वाचत बसलास तर एखाद्या डिव्हाइसच्या रजिस्टरमधेच लिहून मोकळा होशील. बायोस ई८२० कॉलला (मेमरी मॅप मागणारा कॉल) उत्तर देतो, ग्रब ते एका स्ट्रक्चरमधे गोळा करतो आणि त्या स्ट्रक्चरचा पत्ता ईबीएक्स रजिस्टरमधे ठेवतो. (आर्मवर हेच काम बहुतेक वेळा डिव्हाइस ट्री, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन करणारी रचना, करते.) मल्टीबूट १ मधे एक गंमत आहे, प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला साइझ असतो पण त्यात ते फील्ड स्वतः धरलेलं नसतं, म्हणून पुढच्या नोंदीवर जाताना साइझ अधिक ४ बाइट. आणि तो १ एमबीपासूनचा 'मोकळा' तुकडा, तुझा कर्नल बहुतेक त्यातच बसलाय की! ग्रबने सोबत लोड केलेली मॉड्यूल्सपण. मॅप ते वजा करून देत नाही, तुलाच करावं लागतं.

जुना_खोडकर:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. एसईएल४ हा मायक्रोकर्नल काय करतो बघ, स्वतःची जागा वजा करतो आणि उरलेल्या रॅमचे दोनच्या घातात बसतील असे तुकडे पाडून 'अनटाइप्ड' (कशासाठी वापरायचे ते अजून न ठरलेले) कॅपॅबिलिटी, म्हणजे वापरायचा हक्क, म्हणून सगळे रूट टास्कला (युजरस्पेसमधला पहिला प्रोग्रॅम) देऊन टाकतो. सोबत बूटइन्फो नावाची माहिती, त्यात प्रत्येक तुकड्याचा फिजिकल पत्ता, साइझ आणि ही रॅम आहे की डिव्हाइस. त्यानंतर कर्नल स्वतःहून एक पेजही घेत नाही, नवीन थ्रेड हवा असेल तर त्याच्या टीसीबीची (थ्रेडची माहिती ठेवणारी रचना) जागासुद्धा युजरस्पेसनेच द्यायची. जुन्या एल४ मायक्रोकर्नलमधे उरलेली रॅम ताब्यात घेऊन वाटायचं काम सिग्मा-झिरो हा युजरस्पेसमधला टास्क करायचा.

कर्नलवेडा:
म्हणजे कर्नलमधे अ‍ॅलोकेटर (मेमरी वाटणारा कोड) नकोच?

जुना_खोडकर:
बूटपुरता हवा, नुसता पॉइंटर पुढे सरकवणारा पुरतो, फ्री वगैरे काही नको. रूट टास्कचे पेजटेबल (पत्ते जुळवणारे तक्ते), स्टॅक आणि बूटइन्फोचं पेज त्यातून काढ, आणि तुकडे पाड ते त्यानंतरच, नाहीतर तीच पेजेस मोकळी म्हणून परत त्याच्याच हातात देशील.