मदत हवी आहे: कपड्यांआड लपवलेले मेण रडारच्या चित्रात कसे ओळखावे?

नमस्कार. मी जळगावला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. शेवटच्या वर्षाचा एक गट माझ्या मार्गदर्शनाखाली सुरक्षा तपासणीसाठी मायक्रोवेव्ह रडारने शरीराचे चित्र काढण्याचा प्रकल्प करत आहे. सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या गर्दीत धातुशोधकाला सुरी सापडेल, पण स्फोटकाची वडी सापडणार नाही. म्हणून धातू नसलेली वस्तू ओळखणे हेच आम्ही प्रकल्पाचे मुख्य काम मानले आहे.

विमानतळांवरील अशी अनेक यंत्रे २४ ते ३० गिगाहर्ट्झवर चालतात. आमच्याकडील सामग्री ८ ते १२ गिगाहर्ट्झची आहे. फॉइलने मढवलेल्या पुतळ्यासमोर अर्ध्या मीटरवर एकच हॉर्न (कर्ण्याच्या आकाराचा) अँटेना चौकटीवरून ६ मिलिमीटरच्या टप्प्यांनी सरकवून मोजमापे घेतो.

अडचण अशी आहे. पुतळ्याच्या सदऱ्याखाली स्फोटकाच्या जागी २ सेंटिमीटर जाडीची मेणाची वडी लावली, की मेणाचा अपवर्तनांक सुमारे १.५ असल्याने तरंग तिच्यातून सावकाश जातो आणि मागची छाती १ सेंटिमीटर आत गेल्यासारखी भासते. ८ ते १२ अशा ४ गिगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात खोलीच्या दिशेने ३.७५ सेंटिमीटरपेक्षा जवळचे दोन पृष्ठभाग सुटे दिसत नाहीत, त्यामुळे केवळ अंतरावरून हा खळगा खात्रीने सांगता येत नाही. फेज (परतलेला तरंग आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) मात्र १० गिगाहर्ट्झला, जाऊन-येऊन, सुमारे २४० अंशांनी बदलते आणि तो बदल चित्रात उठून दिसतो. पण छातीच्या स्वतःच्या गोलाईमुळेही फेज तशीच बदलते. पुतळ्याचे वडीशिवायचे मोजमाप वजा करता येते, परंतु तपासणीसाठी उभ्या राहणाऱ्या अनोळखी माणसाचे तसे मोजमाप कोठून आणणार? आजूबाजूच्या बिंदूंवरून शरीराचा गुळगुळीत पृष्ठभाग अंदाजून त्यापासूनचे विचलन पाहावे, असे मला वाटते. हे कोणी करून पाहिले आहे का, आणि कुशीकडे, जिथे तरंग तिरपे परावर्तित होऊन अँटेनाकडे परतत नाहीत, तिथे काय करावे?

दुसरा प्रश्न घामाचा आहे, आणि तो आमच्या भागात गौण मुळीच नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ गेला, की अंगावरचा सदरा पाठीला चिकटतो. पाणी या वारंवारतांचे तरंग बरेच शोषते आणि परावर्तितही करते. सदरा भिजवून घेतलेल्या चित्रात वडीच्या कडा पुसट झाल्या. कमी वारंवारतेकडे वळल्यास शोषण घटेल, पण तरंगलांबी वाढून बारकावे जातील. अशा वेळी कोणता पट्टा निवडावा?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. मोजमापांच्या फाइली हव्या असल्यास येथे देईन.