डब्ल्यू२०४ सी-क्लास: किल्ली घातली तरी स्टेअरिंग लॉकचा आवाज नाही. मोटर, बोर्ड की इग्निशन स्विच?

पाना_तेरा:
गाडी मर्सिडीज सी२२० सीडीआय, डब्ल्यू२०४, मॉडेल २०११, ऑटोमॅटिक. रिमोटने दारं उघडतात, बंद होतात, इंडिकेटर मिचकतात. किल्ली खाचेत घातली की स्टेअरिंगच्या कॉलममधून एरवी येणारा बारीक 'झर्र' येत नाही. किल्ली फिरते, पण डॅशवरचं मीटर पेटत नाही आणि सेल्फ लागत नाही. पाच-सहा वेळा काढघाल केली की एखाद्या वेळी लॉक उघडतो, मग गाडी अगदी व्यवस्थित चालते. बॅटरी स्थिर असताना १२.५ व्होल्ट. दुसऱ्या किल्लीनेही तेच.

दोष ईएसएलमध्ये (इलेक्ट्रॉनिक स्टेअरिंग लॉक) आहे की ईआयएसमध्ये (किल्ली जाते तो इग्निशन स्विच), हे कॉलम खोलण्याआधी पक्कं कसं करायचं? आणि नुसती मोटर बदलून भागतं का, की अख्खं युनिटच घ्यावं लागतं?

ओहममीटर:
सगळ्यात आधी एक काम करा: काढघाल थांबवा. पुढच्या वेळी लॉक उघडला की किल्ली आतच राहू द्या, बॅटरीला चार्जर लावा आणि त्याच अवस्थेत काम सुरू करा. आज हे सरळ मोटर बदलण्याचं काम आहे. लॉकचा बोल्ट (स्टेअरिंगचा दांडा अडवणारी खिट्टी) बंद अवस्थेत अडकून बसला तर तेच ड्रिल मारण्याचं काम होतं.

आता कारण. किल्ली खाचेत गेली की ईआयएस तिला कॉइलमधून वीज देतो आणि इन्फ्रारेडने तिच्याशी बोलतो. म्हणून किल्लीचे सेल संपलेले असले तरी गाडी चालू व्हायला अडचण नसते, सेल रिमोटपुरते. (त्यामुळेच रिमोट चालतो म्हणजे किल्ली ठीक, हा निष्कर्ष चुकतो. रेडिओ आणि इन्फ्रारेड हे दोन वेगळे रस्ते आहेत. तुम्ही दुसरी किल्ली लावून पाहिलीत, ते बरोबर केलंत.) किल्ली ओळखीची निघाली की ईआयएस एका डेटा वायरवरून ईएसएलला 'उघड' म्हणून सांगतो. ईएसएलमधली छोटी डीसी मोटर गिअर फिरवून बोल्ट मागे ओढते, आतले स्विच 'बोल्ट पूर्ण मागे आला' असं कळवतात, आणि हे उत्तर ईआयएसला मिळालं तरच इग्निशन चालू होतं. साखळीतला एकही दुवा गळला तर बाहेरून दिसणारं लक्षण एकच: मीटर काळा.

दुवा कुठे तुटलाय ते असं शोधा.

स्कॅनर लावा, ईआयएसमध्ये जा आणि चालू मूल्यं बघा. गाडी झोपलेली असेल तर दार उघडून हॅझर्ड लावा, म्हणजे कॅन (गाडीतल्या मॉड्यूलना जोडणारं डेटाचं जाळं) जागा होतो. किल्ली 'वैध' आणि 'अधिकृत' दिसत असेल आणि तरीही स्टेअरिंग लॉककडून मंजुरी येत नसेल, तर किल्ली आणि ईआयएसचा वाचणारा भाग सुटला. किल्लीच ओळखली जात नसेल तर ईएसएलला हात लावू नका, दोष अलीकडे आहे.

त्यानंतर ईएसएलच्या प्लगवर या. वीज, अर्थिंग आणि डेटा अशा वायर आहेत. वीज बॅटरीच्या व्होल्टेजइतकीच हवी. अर्धा व्होल्ट जरी कमी दिसला तरी आधी प्लगच्या पिना आणि अर्थिंग तपासा. डेटा वायरवर ऑसिलोस्कोप लावा. ती निवांत असताना बॅटरीच्या व्होल्टेजजवळ असते, बोलणं सुरू झालं की शून्याकडे खेचली जाते. किल्ली घातल्यावर तिथे पल्स दिसले म्हणजे ईआयएस बोलतोय. पल्सच नाहीत तर ईआयएस किंवा मधली वायर.

शेवटी करंट. ही माझी सगळ्यात भरवशाची चाचणी. वीजेच्या वायरवर डीसी क्लॅम्प (वायर न तोडता करंट मोजणारा चिमटा) लावून किल्ली घाला. करंट जरासुद्धा उठला नाही तर बहुधा मोटरचे कार्बन (वीज पोहोचवणारे ब्रश) कम्युटेटरला, म्हणजे शाफ्टवरच्या तांब्याच्या पाकळ्यांना, टेकत नाहीयेत. करंट एकदम वर जाऊन थोड्या वेळात बोर्डाने तोडला तर मोटर किंवा बोल्ट जाम आहे. नेहमीसारखा उठून पडला, आवाजही आला आणि तरी मंजुरी नाही, तर आतले स्विच किंवा बोर्ड.

तुमची 'कधी होते कधी नाही' ही तक्रार कार्बन झिजल्याचीच वाटते. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) नेमकं खराब पाकळीवर थांबलं की मोटर मेलेली, दुसऱ्या पाकळीवर थांबलं की जिवंत.

वायरिंगवाला:
वरच्या सगळ्याला दुजोरा. काढघाल करू नका यामागे अजून एक कारण आहे. मोटर ठरलेल्या वेळात बोल्ट जागेवर नेऊ शकली नाही की ईएसएलचा बोर्ड ते अपयश स्वतःच्या मेमरीत नोंदवतो. अशी पुरेशी अपयशं जमली की कायमचा दोष लिहून बोलणंच बंद करतो. त्यानंतर नवी मोटर टाकली तरी युनिट हलत नाही, प्रोग्रामर लावून ती नोंद पुसावी लागते. हे उगाच केलेलं नाही: ज्या बोल्टची जागा खात्रीने कळत नाही, तो लावलेला असताना गाडी रस्त्यावर जाता कामा नये.

तोवर उघडायचा असेल तर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना हलकं हलवत किल्ली घाला, म्हणजे बोल्टवरचा बाजूचा ताण सुटतो. जोडीला दुसऱ्याला कॉलमवर, ईएसएलच्या शेजारी, लाकडी दांड्याने हळू टिचकी मारायला सांगा. कंपनाने कार्बन टेकतो. हातोडा नको, बोर्ड तिथेच आहे. मधे जंपरने दुसरी बॅटरी जोडलीत तर अजून बरं.

पाना_तेरा:
धन्यवाद. क्लॅम्प लावला. चार वेळा शून्य, पाचव्या वेळी करंट उठला आणि लॉक उघडला. किल्ली आतच ठेवली आहे, चार्जर लावला आहे. आता उतरवायचं कसं आणि मोटर कुठली?

ओहममीटर:
मग निदान झालंच. मोटर.

किल्ली इग्निशन चालूवर ठेवा आणि तशीच ठेवून बॅटरीची मायनस काढा. वीजच नाही म्हटल्यावर बोल्ट बाहेर यायचा प्रश्न उरत नाही. मायनस काढल्यावर काही मिनिटं थांबा, एअरबॅगच्या वायरिंगजवळ काम आहे. कॉलम पूर्ण बाहेर आणि खाली ओढून घ्या. गुडघ्यासमोरचं पॅनल काढा, मीटर बाहेर घ्या, म्हणजे वरून हात जातो. ईआयएस समोरच्या गोल रिंग नटावर धरलेला असतो. त्या नटाला खाचांचा खास सॉकेट लागतो. स्क्रू ड्रायव्हरने ठोकून फिरवला तर कडा फुटते आणि डॅशवर ओरखडा कायमचा राहतो. ईआयएस आत ढकलून बाजूला करा, प्लग ओढू नका, लॅच दाबून काढा. ईएसएल कॉलमला टॉर्क्स बोल्टने बसलेला आहे. लॉकचा बोल्ट मागे ओढलेला असेल तरच युनिट सुटतं, म्हणून तर एवढा जप.

युनिटचं झाकण रिव्हेटसारख्या पिनांनी बंद असतं. त्या बारीक ड्रिलने काढा, पण आधी उघड्या फटींवर टेप लावा. ॲल्युमिनियमचा एक कण बोर्डावर गेला तर मोटर बदलून उपयोग नाही. झाकण उघडल्यावर गिअर कुठल्या स्थितीत आहे त्याचा फोटो काढा आणि तो तसाच ठेवा.

जुनी मोटर सोडून तिच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा आणि शाफ्ट बोटांनी हळूहळू फिरवा. चांगल्या मोटरचा रेझिस्टन्स काही ओहमांत राहतो आणि फारसा हलत नाही. झिजलेलीत मधेच सर्किट तुटलेलं दिसतं. हे बघितल्याशिवाय नवी बसवू नका, नाहीतर दोष स्विचमध्ये असताना मोटर बदलून बसाल.

नवी घेताना बॉडीची लांबी, व्यास, शाफ्टची जाडी आणि व्होल्टेज चारही जुळले पाहिजेत. या युनिटसाठी म्हणून मिळणारीच घ्या. खेळण्यातली मोटर बसते, फिरतेही, पण वेग कमी पडला तर बोल्ट वेळेत पोहोचत नाही आणि बोर्ड पुन्हा अपयश नोंदवायला लागतो. शाफ्टवरचा वर्म गिअर काढायच्या आधी त्याची उंची व्हर्नियरने मोजा आणि नव्या शाफ्टवर त्याच उंचीवर दाबून बसवा. ठोकून बसवलात तर मागचं बेअरिंग जातं. जुनं ग्रीस आणि कार्बनची काळी पूड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, गिअरच्या दातांना लिथियम ग्रीस नावापुरतं लावा. स्विचजवळ ग्रीस अजिबात नको.

बोर्ड तोच, त्यातला डेटा तोच. त्यामुळे कायमचा दोष लिहिला गेला नसेल तर कोडिंग काहीही लागत नाही.

किल्ली_कोडर:
प्रोग्रामिंगचं मी सांगतो, कारण वरचं जमलं नाही तर गाडी शेवटी तिथेच येते.

कायमचा दोष बसला असेल किंवा बोर्ड गेला असेल तर तीन वाटा आहेत. कंपनीचं नवं युनिट: चोरीशी संबंधित पार्ट असल्यामुळे चॅसिस नंबरवर आणि मालकीची कागदपत्रं बघूनच मिळतं, आणि ते ऑनलाइन जोडावं लागतं. महाग, पण सगळं मूळचं राहतं. दुसरी वाट, तेच युनिट मोटर बदलून आणि प्रोग्रामरने नोंद पुसून परत वापरणं. तिसरी, एम्युलेटर, म्हणजे ईएसएलच्या जागी बसून त्याची नक्कल करणारी छोटी डबी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेला ईआयएसमधला डेटा आणि किल्लीचा पासवर्ड लागतो. पहिलं काम, ईआयएसचा डेटा वाचून दोन ठिकाणी जतन करा. मग पासवर्ड काढा, तो युनिटमध्ये किंवा एम्युलेटरमध्ये लिहा, आणि शेवटी गाडीत लावून किल्ली घाला म्हणजे जोडणी होते. हे चालू असताना गाडीला स्थिर पॉवर सप्लाय हवाच, १३.५ व्होल्टच्या आसपास. साधा चार्जर चालत नाही. लिहिताना व्होल्टेज पडलं तर ईआयएस हातचा जातो आणि मग ईएसएलची काळजी किरकोळ वाटायला लागते.

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातून किंवा कुठूनही जुनं युनिट आणू नका. ते दुसऱ्या गाडीशी बांधलेलं असतं, त्या गाडीचा डेटा नसेल तर मोकळं करता येत नाही, आणि मोटर तर तितकीच झिजलेली.

रेषेत_चाक:
एम्युलेटरबद्दल माझं स्पष्ट मत: शक्य तोवर नको. तो ईआयएसला 'लॉक उघडला' एवढंच उत्तर देतो, बोल्ट नसतोच. इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी सोय) चालू राहतो हे खरं, पण स्टेअरिंगचा यांत्रिक लॉक गेला. जर्मनीत वाहन परवाना नियमावलीच्या कलम ३८अ मध्ये अनधिकृत वापराविरुद्धच्या संरक्षणाची अट आहे. भारतातही ग्राहकाला हे सांगितल्याशिवाय बसवू नये, आणि बिलावर लिहावं.

बसवायचाच असेल तर जुनं युनिट कॉलमवरून पूर्ण उतरवा. बोल्ट आत ढकलून, गिअर काढून रिकामं खोकं तिथेच ठेवलेलं मला मान्य नाही. खड्ड्यात बसलेल्या धक्क्याने तो बोल्ट सरकला तर वळणावर स्टेअरिंग अडकेल. मूळ रचनेत असं होऊ नये म्हणून चालत्या गाडीत लॉकच्या मोटरला वीजच मिळत नाही. ती सोय आपण आपल्या हाताने मोडायची नाही.

पाना_तेरा:
आणि उतरवायच्या आधीच बंद अवस्थेत अडकला असता तर?

वायरिंगवाला:
मग युनिटची बॉडी नेमक्या जागी भोकून बोल्ट हाताने मागे ओढावा लागतो. जागा चुकली तर कॉलमला इजा, आणि कॉलम बदलणं हे वेगळंच बिल. एक सुटं जुनं युनिट टेबलावर उघडून, बोल्ट कुठे येतो ते मोजून घेतल्याशिवाय ड्रिल उचलू नका. भोक पाडलेलं युनिट परत बसवायचं नाही.

टोइंग करायचं असेल तर सपाट गाडीवरच. पुढची चाकं वळलेल्या अवस्थेत अडकलेली, गिअर 'पी'मध्ये, म्हणजे मागची चाकंही फिरत नाहीत. चारही चाकांखाली स्केट (छोट्या चाकांच्या पाट्या) लागतात. हे रिकव्हरीवाल्याला फोनवरच सांगा, नाहीतर तो हुक घेऊन येतो आणि टायर फरफटतात.

बटणाने चालू होणारी गाडी असेल तर बटण बोटांनी ओढून काढा, खाली किल्लीची खाच आहे. सगळ्या चाचण्या तिथे किल्ली घालूनच करा. आणि बीएमडब्ल्यू ई९० वर हे जसंच्या तसं लावू नका. तिथे आधी पिवळा, मग लाल इशारा येतो आणि अपयशांची मोजणी पुसण्याची पद्धत वेगळी आहे.

ओहममीटर:
बसवताना एक राहिलं. पॅनल लावायच्या आधी, सगळं उघडं असतानाच, किल्ली किमान ३० वेळा काढघाल करा आणि क्लॅम्प लावलेलाच ठेवा. त्यातल्या दहा वेळा स्टेअरिंग थोडं वळवून, बोल्टवर ताण ठेवून. दर वेळी करंट सारखाच उठला पाहिजे. एकदा जरी शून्य आला तर डॅशचं मीटर परत बसवू नका, प्लग आणि मोटरचे टाके परत बघा. आणि गाडी उभी करताना चाकं सरळ, फुटपाथला टेकवून नाही, एवढं मालकाला सांगून ठेवा.