मदत हवी आहे: सोन्याचे नॅनोकण लालऐवजी जांभळे, लोहाचे काळे कण तपकिरी

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पात सोन्याचे आणि लोहाचे, असे दोन्ही नॅनोकण करायचेत. पुढे लोहाच्या कणावर सोन्याचा थर चढवायचा विचार आहे: कण चुंबकाने ओढून घेता येईल आणि सोन्यावर गंधकयुक्त रेणू पक्के बसतील. पण त्याआधीच गाडी अडली आहे.

आधी सोनं. तुर्केविच पद्धत, म्हणजे सोन्याच्या क्षारापासून सिट्रेटने कण बनवायचे; प्रमाण फ्रेन्सने १९७३ साली दिलेलं. ०.०१ टक्का क्लोरोऑरिक आम्लाचं ५० मिली द्रावण उकळायचं आणि जोरात ढवळत त्यात १ टक्का ट्रायसोडियम सिट्रेट १ मिली एकदम ओतायचं. यातून साधारण १६ नॅनोमीटरचे कण मिळतात. पहिल्या दोन वेळा अगदी तसंच झालं. फिकट पिवळं द्रावण रंगहीन झालं, मग करडं-निळसर, मग काळपट जांभळं, आणि बघता बघता माणकासारखा लाल रंग चढला. प्रकाशाच्या शोषणाचं शिखर ५२१ नॅनोमीटरला. तो रंग चढताना पाहिला तेव्हा खरंच भरून आलं होतं.

तिसऱ्या वेळेपासून मात्र द्रावण जांभळ्यावरच अडकतंय. शिखर ५४५ च्या आसपास, बसकं, आणि त्याची शेपटी ६५० च्या पलीकडे. दुसऱ्या दिवशी तळाशी काळा साका. सिट्रेट ताजं केलं, पाणी बदललं, फ्लास्क नवा घेतला. फरक शून्य. सोन्याचा क्षार आता जेमतेम चार वेळा पुरेल एवढाच उरलाय.

लोहाचं दुखणं वेगळं. फेरिक (तीन धन प्रभारांचं लोह) आणि फेरस (दोन धन प्रभारांचं) क्लोराइड २:१, त्यात अमोनिया. क्षणात काळाकुट्ट अवक्षेप येतो, चुंबक धरला की भिंतीकडे धावतो. पण रात्रभर ठेवला की सकाळी तपकिरी. चुंबकाला अजून चिकटतो, म्हणून गोंधळ वाढलाय. हा मॅग्नेटाइट, म्हणजे मला हवं असलेलं काळं चुंबकी लोह ऑक्साइड आहे, की गंज?

प्रतिसाद १
जांभळा रंग म्हणजे कण एकमेकांना चिकटलेत किंवा वेडेवाकडे वाढलेत. सिट्रेटमुळे प्रत्येक कणावर ऋण प्रभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. बाहेरचे आयन आले की तो प्रभार झाकला जातो. भांडी आम्लराजाने (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणाने) धुता का? आणि सोन्याचा क्षार स्टीलच्या चमच्याने घेत असाल तर आजच थांबवा. धातू लागला की तिथेच सोनं सुटायला लागतं. प्लॅस्टिकचा चमचा वापरा.

धागाकर्ती
चमचा प्लॅस्टिकचाच आहे. फ्लास्क आम्लराजाने धुते.

प्रतिसाद २
एक विचारतो. लोहाचं काम नेमकं कधी सुरू केलंत?

धागाकर्ती
सोन्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयोगाच्या मधे.

प्रतिसाद २
आणि दोन्हीकडे ढवळायला चुंबकी कांडी तीच?

धागाकर्ती
हो, एकच आहे. फ्लास्कबरोबर ती धुतली नाही. आत्ता भिंगाखाली पाहिली. पांढऱ्या टेफ्लॉनवर ओरखडे आहेत आणि त्यांत बारीक तपकिरी रेघा बसल्यात.

प्रतिसाद २
तेच तुमचं दुखणं. मॅग्नेटाइट चुंबकाकडे धावतो हे तुम्हीच लिहिलंत, आणि कांडी म्हणजे चुंबकच. सोन्याचं द्रावण आम्लधर्मी, त्यात उकळतं, त्यामुळे ओरखड्यांतलं लोह थोडं थोडं विरघळतं. फेरस आयन सोन्याचं क्षपण (आयनांचं धातूत रूपांतर) सिट्रेटपेक्षा कितीतरी वेगाने करतो, म्हणून कण ओबडधोबड वाढतात. फेरिकवर तीन धन प्रभार. सिट्रेटचं कवच मोडायला तो मिठातल्या सोडियमपेक्षा खूपच कमी मात्रेत पुरतो. सोन्यासाठी नवी कांडी घ्या आणि तिच्यावर खूण करून ठेवा. आम्लराज तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक, लागेल तेवढंच, धूरपेटीत करा. बाटलीत झाकण लावून कधीही ठेवू नका, वायू साठून बाटली फुटते.

लोहासाठी कांडी वापरूच नका, कण तिच्यावरच गोळा होतात. वरून फिरणारा दांडा लावा. पाण्यातून अर्धा तास नायट्रोजन सोडा आणि प्रयोग संपेपर्यंत तो चालू ठेवा. फेरस क्लोराइडची बाटलीही उघडून बघा. स्फटिक फिकट हिरवे हवेत. कडेला पिवळट-तपकिरी झाले असतील तर फेरसचा काही भाग आधीच फेरिक झालाय आणि तुमचं २:१ प्रमाण कागदावरच राहिलंय.

तपकिरी झालेला कण बहुधा मॅगहेमाइट आहे. मॅग्नेटाइट हवेत ऑक्सिडीकरण होऊन तसा होतो आणि त्याचं चुंबकत्व टिकतं. साध्या गंजाला चुंबक असा जोरात ओढत नाही. सोन्याचा थर मॅगहेमाइटवरही चढतो, तेव्हा ती पूड टाकू नका.

अहवालात मात्र ‘लोहाचे नॅनोकण’ लिहू नका, ‘लोह ऑक्साइडचे’ लिहा. हा काटेकोरपणा नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. सोडियम बोरोहायड्राइडने केलेलं शून्य संयुजेचं, म्हणजे धातुरूप लोह वेगळं. ते भूजलातला विषारी षट्संयुजी क्रोमियम आणि क्लोरीनयुक्त द्रावकं निकामी करायला वापरतात, आणि त्याची कोरडी पूड हवेत आपोआप पेट घेऊ शकते. ऑक्साइडचे कण एमआरआयसाठी शरीरातही सोडले जातात. नाव चुकलं तर पुढचा माणूस चुकीची बाटली निर्धास्तपणे उघडेल.

धागाकर्ती
नवी कांडी, धुतलेला फ्लास्क, बाकी सगळं तेच. आज दुपारी लाल आला. शिखर ५२२. अर्धा तास नुसती बघत बसले होते. मनापासून आभार.

फेरसची बाटली उघडली, कडेचे स्फटिक पिवळट आहेत. नवी मागवली आहे. ती येईपर्यंत एक विचारते: सिट्रिक आम्लाचं कवच अवक्षेप धुण्याआधी द्यावं की नंतर?